मुलांनी हात लावू नये

आमच्या घरातलं निम्मं सामान लीकनं जिंकलेलं.
स्वयंपाकघरातला फ्रिज, वरच्या खोलीतलं आरशाचं कपाट,
दोन लोकरी ब्लँकेटं
आणि माझा पाळणा. तो दुसऱ्या नंबरचा,
हे आई आवर्जून सांगते.

लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोराड चुलतभाऊ.
पण आमच्या ब्लाइथमध्ये, खाणकामगारांच्या क्लबात,
त्याला भाजी म्हणू नका.

कथबर्ट स्टोको, कोळशाच्या खाणीत सव्वीस वर्षं.
खाण मिटली तेव्हा सत्तेचाळीसचे.
आठवडाभर भिंतीकडे बघत बसले,
सोमवारी पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला लागले.
बोटांच्या चिरांतला कोळसा काही गेला नाही,
पीठ त्याच्यावरच बसलं.

सकाळी सातला परत. बूट न काढता
थेट मागच्या वाफ्यावर.
तिथं खाणीतल्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून
एकेकाच्या गळ्याला गुंडाळलेलं,
ऊन लागून गोरेपण जाऊ नये म्हणून.
आम्हा तिघांना कधी असं गुंडाळलं होतं का गं?
आई म्हणते, तुम्ही कुठे प्रदर्शनात जाणार होतात.

ऑगस्टात शेजारपाजारची घरं स्पेनला जायची.
हे रजा टाकून शेडमध्ये झोपायचे,
उशाशी टॉर्च, पायाशी म्हातारी कुत्री,
कारण दोन गल्ल्या सोडून एकदा
कुणीतरी रात्री येऊन सगळ्यांवर सुरी फिरवली होती.
माझं लग्न सप्टेंबरात ठरलं
तर म्हणाले, ऑक्टोबरातही चर्च उघडं असतं.
मी दोन वर्षं धड बोलले नाही.

गेले ते जुलैत. पाळीवरून आले, खुर्चीत बसले,
आईनं चहा ठेवला, तेवढ्यात.
वाफ्यात लीक अर्धेच वाढलेले.
ते कुणालाच थांबवता येईनात.

वहीत रोजचं हवामान, खताचं माप, खोडाचा घेर,
आणि मध्येच, त्याच पेन्सिलीनं, त्याच ओळीत:
‘बारा मार्च. गारठा. रोपं काचेखाली. ऑड्रीचं ऑपरेशन. बरी आहे.’
‘एकोणीस ऑगस्ट. दुसऱ्या रांगेत तांबेरा. धाकटी चालली. चार पावलं.’
‘सहा ऑक्टोबर. वाफा मोकळा. हेझलचं लग्न.
पाऊस नाही.’

हेझल म्हणजे मी.
त्या दिवशी पाऊस होता. सगळ्या फोटोंत छत्र्या आहेत.
यांनी हवामानाबद्दल खोटं लिहिलेलं
अख्ख्या वहीत एवढंच.

भावांनी पाणी घातलं, मी रबरं बदलली,
नवऱ्यानं टॉर्च घेऊन दोन रात्री काढल्या
आणि पाठ धरून घेतली.
परीक्षकानं मापं घेतली. तिसरा नंबर. एक इलेक्ट्रिक किटली.
टाळ्या जरा जास्तच झाल्या,
आणि ते यांना आवडलं नसतं.

मग आईनं दोघांतला मोठा चिरला.
लग्नाला एकेचाळीस वर्षं, आणि बक्षिसाचा लीक
तिनं पहिल्यांदाच पातेल्यात घातला.
कोळशाच्या चवीचा असेल, धाकटी म्हणाली.
तो कसल्याच चवीचा नव्हता. नुसता मऊ, पाणचट.
यासाठी होय, आई म्हणाली,
आणि हसता हसता मीठ शोधायला उठली,
ते बराच वेळ सापडलं नाही.

यांचा जुना प्रतिस्पर्धी मॅटी मागच्या दारानं आला,
टोपी हातात, डोळे वाफ्याकडे.
इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला,
त्या बाटलीत नेमकं काय असायचं, ऑड्री?

मलाही सांगितलं नाही, आई म्हणाली.

बाटली शेडमध्येच आहे, वरच्या फळीवर, गडद, अर्धी.
चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात: ‘मुलांनी हात लावू नये.’
थोरला आता एकोणचाळीसचा आहे.
लावलेला नाही.